चकतीचं पाणी

१ ऑगस्ट २००७, बुधवार

लॅबमध्ये नवी बॅच उतरली. चांदीचं पाणी. रंग नेहमीसारखा फिक्या चहाचा. चांदी इतकी बारीक केली की ती चंदेरी राहत नाही, पिवळी होते. पुस्तकात वाचलेलं होतंच, तरी बाटली उजेडात धरली की दर वेळी मजा वाटते. अंबरनाथच्या एमआयडीसीत इतकी वर्षं घालवून अजून मजा वाटते, म्हणजे एम.एस्सी. अगदीच वाया गेली नाही.

हे पाणी मोजे-बनियनच्या कापडाला लावायचं. जंतू वाढत नाहीत, वास येत नाही. खरंच येत नाही, मी स्वतः जंतू वाढवायच्या प्लेटा लावून पाहिलंय. पण सेठना तेवढ्यावर समाधान नाही. उल्हासनगरहून आले, लेबलचा नमुना टेबलावर टाकला. "मॅडम, नॅनो बड़ा करो, सिल्वर छोटा." मी म्हटलं, धुतल्यावर किती टिकतं ते अजून बघायचंय. "वो बाद में. पब्लिक को धुलाई नहीं, नाम चाहिए." लेबलवर 'कायमचं संरक्षण'. नमुन्यावर तपासणाऱ्याची सही लागते. केली.

घरी आल्यावर मिलिंदला सांगितलं. म्हणाला, "तुझी सही म्हणजे त्यांच्या दुकानाची पाटी झाली आता." त्याला असं बोलायला मस्त जमतं. राग आला, कारण बरोबर होतं.

५ ऑगस्ट, रविवार

कमलमावशीकडे, अंबरनाथ पश्चिम. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. उल्हासनगरच्या कारखान्यांत जीन्सचे धागे कापत डोळे घालवले तिने, आणि मी मायक्रोस्कोपखाली बघायला शिकले. हे ती स्वतः कधी बोलून दाखवत नाही. बाकीचे दाखवतात.

शुगर आहे तिला जुनी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन स्वतःच टोचून घेते, टीव्हीवरची नजर न हलवता. फ्रिज नाही म्हणून औषधाची बाटली एका छोट्या माठात, ओल्या फडक्यात. माझ्याकडून फ्रिज घेत नाही. "वीज कोण भरणार, तू? मग तुझ्या दारी येऊन बसू बिलापायी?"

बातमी अशी की विहारात पावसाळ्याच्या वर्षावासाची व्याख्यानं चालू झालीत, दर रविवारी एक वक्ता, आणि मावशीने मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं राहून माझं नाव सुचवलं. "दरवर्षी वकील नि प्रोफेसर आणतात. बायांनी काय नुसतं खीरदानाला पातेली घासायची?" विषय माझा मीच ठरवायचा. मी म्हटलं, नॅनो. तिने दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "मला नाही कळलं तरी चालेल. तुला कळतं हे लोकांना कळलं पाहिजे."

१५ ऑगस्ट, बुधवार, सुट्टी

सुनील आला होता, मिलिंदचा चुलतभाऊ. फॅक्टरी बंद पडल्यापासून काही ना काही विकत असतो. विमा झाला, टाळकं शांत करणारं तेल झालं, आता चकती. बशीएवढी काळसर काच, मखमलीच्या डबीत. पाण्याचं भांडं त्यावर ठेवायचं, थोडा वेळ थांबायचं. "पाणी नॅनो होतं वहिनी. मग ते पेशीत शिरतं. शुगर, बीपी, गुडघे, सगळ्यावर. तुमचाच विषय."

मी हसले. जोरात हसले. पाणी आधीच नॅनोपेक्षा लहान असतं, त्याचं आणखी काय करणार? सुनीलचा चेहरा पडला. त्याची बायको सोबत होती, तीही खाली बघायला लागली. दोघं आधी स्वतः पितात ते पाणी, विश्वासाने. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी पुढे नको इतकी गोड बोलते. त्याने विचारलं, व्याख्यान झाल्यावर मला पाच मिनिटं मिळतील का. मंडळाला विचार, म्हटलं. म्हणजे हो.

मि. नंतर म्हणाला, "तू त्या काचेबद्दल तिथे एक शब्द बोलू नकोस." मी कशाला बोलेन?

१९ ऑगस्ट, रविवार

झालं. चांगलं झालं, खूपच.

पांढरी साडी, मावशीने इस्त्री करून ठेवलेली. वंदना झाली, गुलाबाचं फूल, मग तायडे गुरुजींनी ओळख करून दिली. गुरुजी मंडळाचे सेक्रेटरी, रिटायर्ड. "आपल्या कमलबाईंची मुलगी." भाचीसुद्धा नाही म्हणाले. माइकने आधी शिट्टी मारली, मग मी जी सुरू झाले ती थांबेना. केस केवढा जाड, त्याच्यापुढे नॅनो केवढा. चांदी का पिवळी होते. उद्या औषध नेमकं दुखऱ्या जागी कसं नेता येईल. चांदीच्या पाण्याची बाटली लोकांतून फिरवली. म्हातारे उठून ट्यूबलाइटपाशी नेऊन बघत होते. पहिल्या रांगेत मावशी, तिने एकदाही जांभई दिली नाही.

मी पण बोलले की आपण गंडेदोरे सोडले, प्रश्न विचारायला शिकलो, आता सायन्सला घाबरू नका. टाळ्या.

मग सुनीलची पाच मिनिटं. तो बरा बोलतो. माझेच शब्द त्याने उचलले, नॅनो, पेशी, नेमकी जागा. चकती दाखवली. मी खुर्चीत बसून ऐकत होते, चेहरा सरळ ठेवून.

नंतर प्रश्न. मागून एक बाई उठली, प्रतिभा, बदलापूरच्या खरवईला नवीन बिल्डिंगमध्ये राहते. मांडीवर पेंगलेली मुलगी तशीच कडेवर घेऊन उभी राहिली. "ताई, माझ्या मुलीला फिट येतात. हे चालेल का?" सुनीलला नाही विचारलं. मला विचारलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले आणि माइक माझ्या हातात होता.

मी म्हणाले, "पाण्याने नुकसान तर काही नाही. घेऊन बघायला हरकत नाही. सायन्समध्ये रोज नवं कळतंय."

परत टाळ्या. शाल. मावशीच्या डोळ्यांत पाणी.

ते शेवटचं का बोलले? सुनीलला वाईट वाटू नये म्हणून, असं मघाशी मि.ला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. सगळे ऐकत होते आणि मला 'माहीत नाही' म्हणायचं नव्हतं.

२० ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून फोन. नातेवाईक, शेजारी, शाळेतली मैत्रीण. सुनीलचा फोन: सभा संपताच डब्या संपल्या, परत मागवल्यात. "वहिनी, तुमच्या एका शब्दाने." मी म्हटलं, अरे मी तसं काही बोलले नाही. "तेच तर. तुम्ही जाहिरात नाही केली, म्हणूनच."

मि.ला जेवताना व्याख्यानाचं विचारलं तर म्हणाला, "भाजी चांगली झालीय."

१ सप्टेंबर, शनिवार

मावशीकडे गेले तर चकती ओट्यावर, तिच्यावर तांब्या. सुनीलने तिला फुकट दिली म्हणे. मी चिडवलं, "काय गं, आजोबांनी देव नदीत सोडले आणि तू काचेची पूजा मांडलीस?"

दीक्षेच्या वर्षी मावशी लहान होती. आजोबांनी टोपलीत देव भरले, नदीवर गेले, आणि जायच्या आधी तिच्या गळ्यातला ताईत विळीवर कापला. ती रडली होती. ही गोष्ट ती दर जयंतीला सांगते, आजही सांगितली. मग म्हणाली, "हा काय ताईत आहे व्हय? सायन्स आहे. तूच तर बोललीस."

मी हसले. काय बोलणार होते? तिचा चेहरा खुलला होता. चहा केला तिने, बिनसाखरेचा, माझ्यासाठी वेगळा साखरेचा.

जाता जाता बघितलं, औषधाचा छोटा माठ मोरीपाशी पालथा घातला होता. वाटलं, घासून वाळत टाकला असेल. असंच वाटलं मला, इथे लिहून ठेवते.

८ सप्टेंबर, शनिवार

बदलापूरच्या भाजी मार्केटात प्रतिभा भेटली. मला ओळखायला वेळ लागला, तिला नाही लागला. जय भीम केला, हातातली पिशवी खाली ठेवून. "ताई, फरक आहे. दिशा आता ताजी असते. शाळेत झोपत नाही." छान, म्हटलं. ती आणखी काही सांगणार होती, मी घाईत असल्यासारखं केलं. घाई नव्हती. कोथिंबीर तर घ्यायची होती.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच, ताजी का असते? फिटच्या औषधाने पोरं सुस्तावतात. मग ती ताजी असते म्हणजे.

नाही, असं कोणी करत नाही. मी कुठे म्हणाले होते औषध बंद करा?

११ सप्टेंबर, मंगळवार

मावशीची चकती 'बघायला' म्हणून आणली होती, आज लॅबमध्ये लावून पाहिली. चकतीवर ठेवलेलं पाणी, साधं पाणी, आणि आपलं चांदीचं पाणी. तिन्हीच्या प्लेटा. हे काम मी झोपेत करीन.

उद्या कळेल. कळायचं काय आहे, मला माहीतच आहे. मग हे व्याख्यानाच्या आधी का नाही केलं? सुनील आला त्या दिवशी डबी माझ्या घरात, टीपॉयवर होती. एक मागून घेऊन सकाळी बसला निघताना बॅगेत टाकायला कितीसा वेळ लागला असता? मला वाटतं मला कळून घ्यायचंच नव्हतं, कारण कळलं असतं तर बोलावं लागलं असतं.

१२ सप्टेंबर, बुधवार

चांदीच्या प्लेटवर थेंबाभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं, बाकी दोन्हीवर सारखी बुरशी नि सारखे जंतू. काच म्हणजे काच.

सेठनी पाहिलं, सगळं विचारून घेतलं आणि खूश झाले. "अच्छा धंधा है. अपने पास तो असली चाँदी है, फिर भी इतना नहीं बिकता." मग खरंच विचारात पडले. मी कपड्याच्या धुण्याचं सांगितलं, की दर धुण्याला चांदी सुटते आणि ती नाल्यात जाते, तिथे काय करते कोणालाच माहीत नाही. "मॅडम, आप बहुत सोचती हो." नाही सेठ, उलट आहे. मी नंतर सोचते.

मावशीला सांगायला हवं. शनिवारी सांगते.

१५ सप्टेंबर, शनिवार

नाही सांगितलं. घरात चार बाया बसल्या होत्या, मावशी त्यांना नॅनो समजावून सांगत होती. केसाचं उदाहरण अगदी माझ्यासारखं, हातवाऱ्यांसकट. मी आत गेले तर सगळ्या सरकून बसल्या, जागा केली. काय सांगणार तिथे? चकती परत केली, कोपऱ्यात ठेवून आले.

मावशी वाळलीय. "पाणी फार पिते मी आता," अभिमानाने सांगितलं. "गोडच लागतं."

हे ऐकून मी घरी आले. जेवले. केमिस्ट्रीत एम.एस्सी., फर्स्ट क्लास.

२३ सप्टेंबर, रविवार

शेजारच्या मुलीचा फोन, मावशी उठत नाही. मि. आणि मी धावलो. मावशी शुद्धीवर होती पण जीभ जड, खोलीत एक आंबूस वास. उजव्या पायाचा अंगठा काळानिळा. जखम कधीची ते तिलाच ठाऊक नाही, पायाला कळतच नाही आता. रिक्षाने उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात. शुगर मोजायच्या मशीनने आकडा दाखवलाच नाही, त्याच्या पलीकडे होती.

डॉक्टर तरुण होता, कामाने पिचलेला. "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" मावशीने पाय चादरीखाली ओढून घेतला. "कोणी सांगितलं बंद करायला?"

मी तिथेच उभी होते, सलाइनच्या स्टँडला धरून. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मीच विसरले. म्हातारी झाले." डॉक्टर तिच्यावर ओरडला, विसरता कशा, पोराबाळांना काळजी नाही का. तिने निमूट ऐकून घेतलं.

मी ऐकून घेऊ दिलं. तोंड उघडलं नाही. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटत असतानाही मी उघडलं नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

अंगठा काढला. पाऊल वाचेल असं म्हणतात, पण बघू म्हणतात. पट्टी बदलताना ती छताकडे बघत असते.

आज तिला सांगितलं सगळं. प्लेटांचं, काचेचं. आणि हे की मला त्या दिवशीही माहीत होतं.

बाजूच्या टेबलावरचा ग्लास तिने झाकून ठेवला. मग, "मला वाटलंच."

कधी वाटलं?

"सुया टोचायच्या बंद केल्या तेव्हा आठ दिवसांनी चक्कर आली. तेव्हा वाटलं. पण तू बोललीस म्हणजे काहीतरी असेल. माझंच पाणी चुकत असेल."

माझंच पाणी चुकत असेल. 

मी म्हटलं, विहारात जाऊन सांगते सगळ्यांना. ती उठून बसायला लागली, नळीसकट. "अजिबात नाही. माझ्या शब्दावर तुला बोलावलं. पहिली बाई होतीस तू. आता जाऊन खोटं बोलले म्हणशील, तर पुढे कुठल्या पोरीला बोलावतील ते? माझा अंगठा गेलाय, जाऊ दे. मी काय त्याने धागे कापते?"

ती हसली. मला नाही जमलं.

३ ऑक्टोबर, बुधवार

मि.ला विचारलं, काय करू? नेहमी टोमणा तयार असतो, आज नव्हता. म्हणाला, "मावशी म्हणते त्यातही खोटं काही नाही." मग थोड्या वेळाने, "त्या मुलीचं काय झालं? फिटवाल्या."

त्याला मी प्रतिभाचं मार्केटातलं सांगितलं होतं. विसरला नव्हता तो. मीही नव्हते विसरले, पण मी न आठवायचं ठरवलं होतं, मावशीच्या आजारपणाच्या आडून.

मावशीचं ऐकायचं तर गप्प बसायला हवं. गप्प बसणं मला आवडतंय, म्हणूनच ते बरोबर नसावं.

७ ऑक्टोबर, रविवार

गेले. मावशीला न सांगता. ती अजून दवाखान्यातच.

तायडे गुरुजींकडे पाच मिनिटं मागितली. त्यांना वाटलं मावशीच्या तब्येतीबद्दल आभार मानायचे असतील. वंदना झाली, मी उभी राहिले. पाठ करून गेले होते, सगळं विसरले. सरळ सांगितलं. चकतीत काही नाही, मी लॅबमध्ये तपासलंय. माझ्या मावशीने औषध सोडलं, तिचा अंगठा गेला. त्या दिवशी मला माहीत असूनही मी हरकत नाही म्हणाले, कारण मला मोठेपणा हवा होता. ज्यांनी औषध थांबवलं असेल त्यांनी आजच डॉक्टरकडे जा.

मला वाटलं लोक चिडतील. चिडायला हवे होते. तयारी करून गेले होते मी त्याची.

एक आजोबा उठले, "पोरी, कंपनीने दबाव आणला का तुझ्यावर? औषधवाले लय मोठे असतात." दोघातिघांनी मान हलवली. एक बाई, "माझे गुडघे बरे झाले, ते काय मग खोटं?" कोणीतरी मागून, "कमलबाईंनी पथ्य पाळलं नसेल." मी म्हटलं, नाही हो, ऐका. पण माझा आवाज चिरकला आणि त्यांना माझीच कीव आली, ते दिसत होतं. मावशीमुळे बिचारी हलून गेलीय.

गुरुजींनी माइक घेतला. फार चांगला माणूस. म्हणाले, "ताईंनी तेव्हा एक मत मांडलं, आज दुसरं मांडलं. आपण दोन्हींचा आदर करू."

दोन्हींचा.

बाहेर चपला घालताना प्रतिभा शोधली. आली नव्हती.

८ ऑक्टोबर, सोमवार

सुनील लॅबच्या गेटवर. संध्याकाळची बस जाऊ दिली आणि त्याच्याशी बोलले. ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. "वहिनी, घरी हसला होतात तसंच तिथे हसला असतात तर मी डबी मिटून घरी गेलो असतो." मग म्हणाला, बायको अजून ते पाणी पिते, तिला कसं सांगू.

त्याच्याकडे प्रतिभाचा पत्ता होता. दिला.

मावशी रात्रीपुरती का होईना घरी सोडा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलीय. विहारातली बातमी तिला कळली. माझ्याशी बोलत नाही. नर्सला म्हणाली, सुई माझी मीच घेते, आणि घेतली, तोंड भिंतीकडे करून.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशी घरी आली. चालताना भिंत धरते. मी फ्रिज आणून ठेवला, न विचारता. प्लगही लावू दिला तिने. एवढ्यावरून काय समजायचं ते समजले.

चकती फेकून देऊ का विचारलं. "राहू दे. दुधावर झाकायला बरी आहे." तिचं पहिलं वाक्य इतक्या दिवसांतलं.

लेबल छापून आलं. कायमचं संरक्षण. धुण्याचं तपासून मी कागद लिहून दिलाय सेठना, सही मागे घेते म्हणून. त्यांनी कागद खिशात घातला आणि म्हणाले, "मॅडम, घर में कोई प्रॉब्लेम है क्या?"

१४ ऑक्टोबर, रविवार

खरवईला गेले. रिक्षावाल्याला बिल्डिंग माहीत नव्हती, उन्हात बरीच चालले. दुसरा मजला, दोन खोल्या, भिंतींना अजून नव्या चुन्याचा वास. प्रतिभाचा नवरा ड्युटीवर. दिशा जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, घराला जांभळं छप्पर. पहिलीत आहे. बोलकी पोर.

प्रतिभाला विहारातलं कळलेलं. तरी मी परत सगळं सांगितलं. मग विचारलं, गोळी चालू आहे ना?

"गोळीने दिवसभर झोपायची ताई. शाळेतल्या बाई म्हणायच्या मतिमंद शाळेत घाला. आता बघा." दिशाने मान वर केली, आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं होतं. "तेव्हापासून एकदाही आली नाही फिट."

मी म्हटलं, कधी कधी येत नाही मध्ये बरेच दिवस. मग एकदम येते. गोळी अशी अचानक सोडायची नसते, झोपेचं डॉक्टरला सांग, ते औषध बदलून देतात. माझं ऐक.

ती रागाने नाही बोलली. खरंच विचारत होती. "ताई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, ते आम्ही कसं ओळखायचं? तेव्हा पण तुम्ही असंच बोलत होतात. याच आवाजात."

डॉक्टरला विचार, मला नको विचारूस, म्हटलं. उद्या मी सोबत येते, रजा टाकते. म्हणाली, यांना विचारावं लागेल.

तेवढ्यात दिशा आत गेली आणि स्टीलचा ग्लास दोन्ही हातांनी धरून आली, काठोकाठ भरलेला, पावलं मोजून टाकत. पाहुण्याला पाणी. शिकवलंय तिला आईने. दारातून आतलं दिसत होतं, ओटा, हंडा, हंड्याखाली काळी काच.

मी बघत राहिले ग्लासाकडे. आपल्या माणसाच्या घरात, लहान पोरीच्या हातचं पाणी. त्याला नाही म्हणायचं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, प्रतिभालाही नको. आमच्या आयांनी ते 'नाही' ऐकतच जन्म काढला.

प्यायले. साधं पाणी, थंड.

दिशा रिकामा ग्लास घेऊन पळाली. प्रतिभा माझ्याकडे बघत होती. थोडीशी हसली, टोमणा म्हणून नाही, समाधानाने. "बघा. तुम्ही पण प्यायलातच ना."

मी म्हटलं, प्रतिभा, तिची गोळी आजपासून चालू कर.

म्हणाली, "बघते."